एक, दोन, तीन बंद

उद्यमनगरात दुपारी लेथ चालू असले
की माणसाचं बोलणं ऐकू येत नाही, ओठ बघावे लागतात.
मगदूम बाईंचे ओठ मला पाठ आहेत,
नववी ब, खिडकीकडचा तिसरा बाक.
काच खाली करून म्हणाल्या,
"शिकलगार, ब्लोअर चारवरच चालतो.
एक, दोन, तीन बंद."

चारवर लावला. गाडीत वावटळ.
डॅशवरच्या पेट्रोलच्या पावत्या
एकदम उठून उभ्या राहिल्या, वर्गात बाई आल्यासारख्या.
तीनवर काही नाही. दोनवर नाही.
एकवर जाळीला कान लावून बसलो. नाही.
"आम्ही कायम एकवरच लावायचो," बाई म्हणाल्या.
"वारा टोचतो म्हणायचे हे. एप्रिलातसुद्धा."

पोरगं म्हणालं, "फ्यूज गेला असंल, मामा."
फ्यूज गेला असता तर चार कुठनं चालला असता, लका?
जे चालतंय ते आधी बघायचं.
बंद काय आहे, ते त्यातनंच कळतं.

ग्लोव्ह बॉक्स उतरवला.
त्यातून निघालं ते बाईंनी एकेक करून मांडीवर घेतलं :
गोळ्यांचं अर्धं पाकीट,
निळा मफलर, एका कोपऱ्यात कुरतडलेला,
आणि खाली, पार तळाशी, खडीसाखरेची पुडी. फाटकी.
पुडीकडे त्या जरा जास्त वेळ बघत राहिल्या.

मी डॅशखाली उताणा, पाय रस्त्यावर,
टेस्ट लॅम्प दातात.
सॉकेट ओढला : पिन काळी, प्लास्टिक वितळून
काकवीसारखं ओघळलेलं, तसंच थिजलेलं.
रेझिस्टर बाहेर आला. तार तुटलेली,
केसाएवढी फट.

"रोध," बाई म्हणाल्या.
"आम्ही रेझिस्टरच म्हणतो."
"मग चार कसा चालतो?"
तोंडी परीक्षेत विचारावं तसं.

"चारला ह्याची गरज न्हाई, बाई.
करंट सरळ मोटरीत जातो.
हळू चालायचं असलं तरच ह्याच्यातनं जावं लागतं.
जेवढं हळू, तेवढी जास्त तार. तापतो बिचारा.
म्हणून ह्याला बसवलाय पण ब्लोअरच्याच वाऱ्यात.
वारा आहे तोवर टिकतो."

"हे मी शिकवलं होतं का?"
"न्हाई. त्या महिन्यात तुम्ही रजेवर होता.
बदलीला साबळे सर आलते, त्यांनी धडाच गाळला."

नवा रेझिस्टर लावून पैसे घेता आले असते.
महिन्याभरात तोही जळाला असता.
मोटर उतरवली. बोटानं फिरवली,
अडली, कुरकुरली, परत अडली.
जाळीच्या चाकात उंदराचं घर :
निळी लोकर, कापूस, पानाचे देठ,
कसल्यातरी रिपोर्टचे तुकडे, बारीक, आकड्याएवढे.

बाईंनी एक तुकडा उचलला, चष्मा कपाळावर सारला.
"एकशे ब्याऐंशी. जेवणानंतरची."
मग पुडीकडे बघून, मला नाही, पुडीलाच,
"तरीच म्हटलं खाली येत का नाही."

मी काही बोललो नाही.
गाळ काढला, ब्रश घासले, बुशला दोन थेंब तेल,
सॉकेट नवा, रेझिस्टर नवा.
एकवर लावला.
ऐकू कसं येणार? समोर शाफ्टला कट चाललेला.
पावतीपुस्तकाची कड फाडून
डाव्या बाजूच्या जाळीपुढे धरली.
कागद हलला. फडफडला नाही, नुसता हलला.
बाई स्टिअरिंगवरनं वाकल्या
आणि तिकडं हात नेऊन बराच वेळ धरून बसल्या,
उजवी जाळी अगदी तोंडासमोर असताना.

बिल तपासलं. "बेरीज चुकली. साठ रुपये कमी लावलेस."
साठ जास्त दिले. सुट्टे.

मग मफलर घडी करून ग्लोव्ह बॉक्समध्ये,
गोळ्यांचं पाकीट त्यावर,
आणि पुडी, फाटकी बाजू वर करून, होती तिथंच, तळाशी.
"बाई, उंदीर परत येईल," मी ओरडलो.
त्यांनी ऐकलं नसावं.
लेथ चालू होते.